बिस्किटांच्या डब्यातून निघालेला कायदा

न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधल्या संसदेत बिस्किटांचा एक जुना डबा आहे. 'डेका' नावाच्या, आता बंद पडलेल्या दुकानातून कधीतरी आणलेला. मंत्री नसलेल्या खासदारांच्या विधेयकांना नंबर देतात, त्या नंबरांच्या सोंगट्या डब्यात घालतात आणि भिशीची चिठ्ठी काढावी तशी एक सोंगटी काढतात. ज्याचा नंबर लागेल त्याचं विधेयक सभागृहापुढे येतं. समलिंगी विवाहाचा 2013 चा कायदा या डब्यातून निघाला, इच्छामरणाचा 2019 चाही. आपल्याकडे खासगी विधेयक म्हटलं की शुक्रवार दुपारची रिकामी बाकं आठवतात, त्यामुळे मला या डब्याचं अजूनही कौतुक आहे.

ताईचा मुलगा इथल्या एका विद्यापीठात दाखल झाला आणि फीचा हिशेब घेऊन माझ्याकडे बसला. "मावशी, ट्यूशन फी समजली. ही स्टुडंट सर्व्हिसेस लेव्ही कशाची? आणि मी स्टुडंट युनियनचा मेंबर आहे की नाही?" लेव्ही म्हणजे सेवाशुल्क, ते भरावंच लागतं, मेंबर व्हायचं की नाही ते तुझ्यावर, असं मी सांगितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू हा नियम मीच केला होता. हा नियमही 2009 साली त्याच डब्यातून निघालेला आहे.

त्याआधी इथल्या बहुतेक विद्यापीठांत प्रवेश घेतला की तुम्ही आपोआप विद्यार्थी संघटनेचे सभासद. वर्गणी फीबरोबरच कापली जायची. सदसद्विवेकाचं कारण देऊन सभासदत्व नाकारता यायचं, पण वर्गणी सुटत नसे. ती धर्मादाय कामाला जायची. संघटना त्या पैशातून साप्ताहिक चालवायची, रेडिओ चालवायची, घरमालकाने बाँड, म्हणजे घराची अनामत रक्कम, दाबून ठेवला किंवा प्राध्यापकाने कॉपीचा आळ घेतला तर विद्यार्थ्याच्या बाजूने भांडायला माणूस द्यायची. ओटागोची संघटना 1890 ची, ऑकलंडची 1891 ची, वेलिंग्टनची 1899 ची. देशातल्या पक्षांपेक्षाही जुन्या. लेबर पार्टी 1916 ची आहे.

सक्ती हवी की नको हा वादही जुनाच. 1998 च्या कायद्याने तो विद्यार्थ्यांवरच सोडला: प्रत्येक संस्थेत सार्वमत घ्या. ऑकलंडने ऐच्छिकचा कौल दिला, बहुतेकांनी सक्ती कायम ठेवली. माझ्या मते खरं तर तिथेच प्रश्न मिटला होता. ज्यांचे पैसे जाणार त्यांनीच ठरवलं होतं.

पण 2008 ची निवडणूक झाली आणि नॅशनल पार्टी 58 जागा घेऊन सत्तेवर आली, ॲक्ट पक्षाच्या पाच जागांच्या टेकूवर. हा ॲक्ट म्हणजे करकपात आणि कमी सरकार सांगणारा उजवा पक्ष. त्याला मतं मिळाली होती 3.65 टक्के. त्याच निवडणुकीत न्यूझीलंड फर्स्ट या पक्षाला 4.07 टक्के मिळाली आणि जागा शून्य. कारण इथे पाच टक्क्यांचा उंबरठा आहे, पण एक मतदारसंघ थेट जिंकला तर तो माफ होतो, आणि ॲक्टकडे ऑकलंडचा एप्सम होता. ही पद्धत पहिल्यांदा समजून घेताना मी दोनदा आकडेमोड करून पाहिली.

ॲक्टच्या रॉजर डग्लस यांचं विधेयक डब्यातून निघालं. हे तेच डग्लस, जे 1984 च्या लेबर सरकारात अर्थमंत्री होते आणि ज्यांनी देशाचं अर्थकारण उलटंपालटं केलं. पुढे ते विधेयक त्यांच्याच पक्षाच्या हेदर रॉय यांच्या नावावर गेलं. मुद्दा एकच: कुणालाही संघटनेत जबरदस्तीने घेऊ नका. तत्त्व म्हणून मला ते पटतं. नोकरी करण्यासाठी कामगार संघटनेचं सभासद व्हायलाच हवं असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. काही विद्यार्थी संघटनांत पैशांचे घोळही झाले होते. पण विद्यापीठातली संघटना सर्वांसाठी बोलते, सभासद असो वा नसो. परीक्षेचा नियम बदलला तर सगळ्यांसाठीच बदलतो. मग वर्गणी फक्त हौशी लोकांनी का भरायची? संसदीय समितीपुढे आलेल्या निवेदनांत बहुतांश विधेयकाच्या विरोधात होती. त्याने काही फरक पडला नाही.

लेबर तेव्हा विरोधात होतं आणि दुबळं होतं. फिल गॉफ नेते. सभ्य, अनुभवी माणूस, पण पंतप्रधान जॉन की यांच्या हसऱ्या लोकप्रियतेपुढे लोकांच्या लक्षातही येत नसे. विद्यार्थ्यांच्या बाजूने उभं राहायला त्यांची अडचण वेगळीच होती: 1990 मध्ये 1,250 डॉलरची सरसकट फी आली तेव्हा शिक्षणमंत्री गॉफच होते. मतांची बेरीज जमत नव्हती, म्हणून लेबरने वेळकाढूपणा केला. खासगी विधेयकांना अधिवेशनात एक आड एक बुधवार मिळतो. तेव्हा या विधेयकाच्या आधी रांगेत असलेल्या निरुपद्रवी विधेयकांवर लेबरचे खासदार तासन्‌तास बोलत राहिले, बुधवार संपेपर्यंत. कुणाला त्या विषयांत रस नव्हता, बोलणाऱ्यांनाही नसावा. महिनोन्‌महिने हे चाललं. अखेर 28 सप्टेंबर 2011 ला विधेयक मंजूर झालं आणि 1 जानेवारी 2012 पासून सभासदत्व ऐच्छिक झालं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत लेबर साडेसत्तावीस टक्क्यांवर आलं आणि गॉफ यांनी नेतेपद सोडलं.

त्यानंतर काय झालं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. संघटना बंद पडल्या का? मोठ्या तरी नाही. वर्गणी मागितली तर कोण देणार, म्हणून सभासदत्व फुकट केलं. मग पैसा कुठून? विद्यापीठं सगळ्यांकडून सर्व्हिसेस लेव्ही घेतात, आणि त्यातला काही भाग करार करून संघटनेला देतात: अमुक सेवा द्या, अमुक रक्कम घ्या. म्हणजे विद्यार्थ्याचे पैसे वाचले नाहीतच. फक्त आधी ते थेट त्याच्या संघटनेकडे जायचे, आता विद्यापीठाच्या हातून जातात. संघटनेने ज्याच्याशी भांडायचं तोच आता तिचा गिऱ्हाईक. करार दर काही वर्षांनी नव्याने व्हायचा असतो. कुणी दम देत नाही, द्यायची गरजही पडत नाही. ऑस्ट्रेलियातही तसंच झालं. हॉवर्ड सरकारने डिसेंबर 2005 मध्ये सक्ती उठवली, आणि पुढे तिथल्या लेबर सरकारने सक्ती परत न आणता सेवाशुल्क आणलं, तेही विद्यापीठांमार्फत.

विधेयकाच्या विरोधात तेव्हा लेबरच्या बाकांवर असलेले दोन तरुण खासदार होते ग्रँट रॉबर्टसन आणि ख्रिस हिपकिन्स. एक ओटागोच्या संघटनेचा माजी अध्यक्ष, दुसरा वेलिंग्टनच्या. हिपकिन्स तर 1997 मध्ये उच्च शिक्षणावरच्या सरकारी प्रस्तावाविरुद्ध संसदेच्या आवारात आंदोलन करताना पकडले गेले होते. पुढे लेबरचे नेते एकामागून एक बदलले. त्यातले अँड्र्यू लिटल राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेचे माजी अध्यक्ष. 2017 मध्ये जसिंडा आर्डर्न आल्या, सरकार आलं, आणि रॉबर्टसन अर्थमंत्री, हिपकिन्स शिक्षणमंत्री झाले. 2020 मध्ये तर 120 पैकी 65 जागा, स्वबळावर बहुमत. आता विरोधात नॅशनल 33 वर आली होती. दुबळेपणाची पाळी फिरली होती.

आणि तो कायदा? तसाच राहिला. 2020 मध्ये शिक्षणाचे सगळे कायदे एकत्र करून नवा कायदा झाला, हिपकिन्स मंत्री असतानाच, आणि ऐच्छिक सभासदत्वाचं कलम त्यात आहे. माजी विद्यार्थीनेत्यांनी भरलेल्या सरकारला विद्यार्थी संघटनांचं खातं पुन्हा उघडून द्यावंसं वाटलं नाही. मला त्यात कारस्थान दिसत नाही. मतं मिळत नव्हती, विद्यापीठांची व्यवस्था रुळली होती, आणि विरोधात असताना ज्या भांडखोर संघटना हव्याहव्याशा वाटतात त्या सत्तेत आल्यावर तितक्याशा हव्याशा वाटत नाहीत. 2023 मध्ये विद्यापीठांत शेकडो नोकऱ्या कापायची वेळ आली तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरलेच, आणि सरकारला 12 कोटी 80 लाख डॉलरची मदत जाहीर करावी लागली. त्या वेळी हिपकिन्स पंतप्रधान होते.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "आपल्याकडे निदान असली भानगड नाही." मी हसले. मी पुण्यात शिकले तेव्हा आमचा जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांचा जनरल सेक्रेटरी, मार्कांवर ठरायचा. 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा खून झाला, आणि 1994 पासून महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुका बंद झाल्या. जिमखाना फी मात्र दर वर्षी पावतीवर असायची आणि ती कुठे जाते हे विचारायला आमचा पहिल्या नंबरचा जीएस कधी ऑफिसात गेलेला मला आठवत नाही. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुका कागदावर परत आल्या, 2019 मध्ये होणार म्हणता म्हणता पुढे ढकलल्या गेल्या. तिथे विरोधक कुणाच्या पैशावर जगतो हा प्रश्नच येत नाही, कारण विरोधक नाही.

म्हणून इथे शिकायला येणाऱ्या मुलांना माझं सांगणं असं की सभासद व्हा, फुकट आहे. विद्यार्थी व्हिसावर संसदेसाठी मत देता येत नाही; रेसिडेंट व्हिसा असेल आणि इथे कधीतरी सलग वर्षभर राहिलेलं असेल तर देता येतं. संघटनेच्या निवडणुकीत मात्र पहिल्याच वर्षी मत देता येतं, उभंही राहता येतं. आणि ते वाया जातं असं नाही. वेलिंग्टनमध्ये संघटनेने बसभाड्यासाठी वर्षानुवर्षं लावून धरलं, तेव्हा 2018 मध्ये विद्यार्थ्यांना 25 टक्के सवलत मिळाली. बस विद्यापीठाच्या मालकीच्या नव्हत्या, ही गोष्ट कदाचित त्यात उपयोगी पडली असेल. लेव्हीच्या हिशेबावर हीच संघटना इतक्या जोराने भांडेल का, हे उमेदवाराला विचार, असं मी भाच्याला सांगितलंय. तो म्हणतो आधी असाइनमेंट.