इंदूर–चोरल–कालाकुंड : थार, फुटस्टेप आणि आईचे गुडघे

महिंद्राची थार घेतली त्याच आठवड्यात मी तिला ऍल्युमिनियमचे चकचकीत फुटस्टेप लावून घेतले. कारण आईचे गुडघे. रामबागेतल्या आमच्या गल्लीत तिला गाडीत चढवायचं म्हणजे एक जण वरून ओढणार, दुसरा खालून आधार देणार. दुकानदार म्हणाला, ‘भिया, गाडी सेफ भी रहेगी.’ मी मान डोलावली.

नोव्हेंबरातल्या रविवारी पोहे-जिलबी उरकून आम्ही चौघं निघालो. सिमरोल, मग चोरल, तिथून नदीच्या कडेकडेनं कालाकुंड. डांबर आहे तोवर सांगण्यासारखं काही नाही. चोरलच्या पुढे नदीच्या पात्रात उतरलं की काळा बसाल्ट सुरू होतो. पाणी घोट्याएवढंच, पण खाली दगड डोक्याएवढाले. डावं पुढचं चाक एकावरून उतरलं आणि तोच दगड फुटस्टेपखाली आला. कर्रर्र आवाज झाला. फुटस्टेप वर वाकून दाराला असा चिकटला की दार उघडेना. तीन दारांची थार, त्यामुळे सगळे ड्रायव्हरच्या बाजूनं रांगत बाहेर आलो.

खाली वाकून पाहिलं तेव्हा कळलं. ब्रॅकेट चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, नव्हतंच, बॉडीच्या पातळ पत्र्याला दोन बोल्टांवर टांगलेलं होतं. पत्राही फाटला. थारचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या सगळ्यात खालच्या भागापर्यंतचं अंतर) 226 मिमी, पण हा दागिना दाराच्या उंबऱ्याच्या चार बोटं खाली लोंबत होता. म्हणजे दगडाला मीच आमंत्रण दिलेलं.

तेव्हा फुटस्टेप घ्यायच्या आधी दुकानदाराला एकच विचारा : याच्याखाली जॅक लावून गाडी उचलू का? तो इकडेतिकडे बघायला लागला तर ती नुसती पायरी समजा. दगडाचा मार झेलतो तो रॉक स्लायडर. तो चासीला धरलेला असतो, पाइप स्टीलचा, भिंत साधारण 3 मिमी जाड. मी लोहामंडीजवळच्या एका मिस्त्रीकडून बनवून घेतला. जोडीचं वजन 46 किलो भरलं, तेवढं ओझं गाडी कायम वाहणार हे धरून चाला. पाइप बाहेरच्या बाजूला किंचित वर उचललेला ठेवायला सांगा, म्हणजे गाडी दगडावर अडकत नाही, घसरून पुढे जाते. उंबरा आणि पाइप यांत दोन बोटं फट हवीच. बॉडी रबरी माउंटवर बसलेली असते, खडबडीत वाटेवर ती चासीवर हलते.

बसवताना मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहा, त्याला आवडो न आवडो. चासीच्या कडेनं ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या जातात. त्या ब्रॅकेटखाली चेपल्या गेल्या तर स्लायडर मजबूत असून काय उपयोग? वेल्डिंग गाडीवर करायचं असेल तर आधी बॅटरीची वायर काढा. मी बोल्टवालाच घेतला. बोल्ट 8.8 मार्काचे (हा मजबुतीचा आकडा), सियागंजात सहज मिळतात. आधी सगळे सैल लावायचे, मग एकेक कसायचा. एम-10, म्हणजे 10 मिमीच्या बोल्टला, टॉर्क रेंचवर (किती जोरानं कसलं ते दाखवणारा पान्हा) 45–50 न्यूटन-मीटर पुरे, पाइप लावून पान्हा ओढू नका. पहिल्या कच्च्या फेरीनंतर पुन्हा कसा, माझे दोन ढिले निघाले.

पावडर कोटिंग दिसतं छान, पण टवका उडाला की आतून गंज सरकतो. साधा काळा रंग बरा, घरी ब्रशनं मारता येतो. आणि उत्साहाच्या भरात पुढे बुलबार, म्हणजे बंपरपुढचा लोखंडी कठडा, लावू नका. केंद्रानं 2017 मध्येच त्यावर कारवाईचे आदेश दिले आहेत. स्लायडरही टायरच्या बाहेर डोकावू देऊ नका.

मारुतीच्या पाच दारी जिम्नीवाल्यांसाठी : तुमचा क्लिअरन्स 210 मिमी आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2590, थारचा 2450. पोट आमच्याआधी टेकेल. आमच्या मागे आलेल्या जिम्नीचं टेकलंच.

पावसाळ्यात या वाटेला जाऊच नका. जुलै 2011 मध्ये जवळच्याच पातालपानी धबधब्याला लोक वाहून गेले, तिथंही पाणी असंच अचानक चढलं होतं.

दुसऱ्या खेपेला त्याच दगडानं फक्त रंग खरवडला. कालाकुंड स्टेशनवर पळसाच्या पानावर कलाकंद घेतला, दोनदा.

आई मात्र नाराज. स्लायडर उंच, त्यामुळे तिची चढण पुन्हा तीच. आता न्हाणीतला निळा प्लॅस्टिकचा स्टूल गाडीत ठेवतो. म्हणजे ठेवत होतो. मागच्या रविवारी तो स्टेशनसमोर झाडाखाली राहिला. कोणी जाणार असाल तर घेऊन या.