माहितीपत्रकात नसलेले माप

माझ्याकडे फाइल आली तेव्हा तिच्यात ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे आणि लोडरचे, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे लावायच्या उचलत्या बकेटचे, कोटेशन आधीच जोडलेले होते. जागा सात एकरांची होती: तीन एकरांत गवत, दोन एकरांत साठ फळझाडे आणि उरलेल्या भागात घर, गोठा व ओढ्यापर्यंत जाणारा उतार. विक्रीआधी जागेवर जाऊन पाहणी करणे आणि प्रात्यक्षिक दाखवणे हे माझे काम आहे, परंतु पाहणीच्या रकान्यात विक्री विभागातील सहकाऱ्याने जागा न बघताच ‘योग्य’ असे लिहून टाकले होते. ही पद्धत आमच्या व्यवसायात रुळली आहे आणि ती मला मान्य नाही. ग्राहक एकर सांगतो, विक्रेता कोष्टकात बघून अश्वशक्ती सांगतो आणि व्यवहार पुढे सरकतो. एकरांवरून काम संपायला किती वेळ लागेल एवढेच कळते. ट्रॅक्टर त्या जागेत कुठे अडेल, काय उचलेल आणि कुठे उलटेल, हे कळायला जागेवर पायी फिरावे लागते.

जागेचे मालक सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ होते. मी त्यांना काका म्हणू लागलो. गुडघा दुखत असूनही ते माझ्याबरोबर सगळीकडे फिरले. सोबत त्यांची मुलगी होती आणि ट्रॅक्टर मुख्यतः तीच चालवणार होती. ही गोष्ट फाइलमध्ये कुठेही नव्हती, मला ती बोलण्याच्या ओघात समजली.

फाटक २.१ मीटर रुंद भरले, तिथे अडचण नव्हती. झाडांच्या दोन ओळींमध्ये मात्र फांद्यांपासून फांद्यांपर्यंत सर्वांत अरुंद जागी १.७ मीटरच मोकळे होते आणि कोटेशनमधल्या ट्रॅक्टरची मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांपर्यंतची रुंदी जवळपास तेवढीच होती. चालकाच्या मागची संरक्षक कमान, जिला आम्ही रोप्स म्हणतो, उभी ठेवली तर ती खालच्या फांद्यांना लागणार होती. घडीची कमान झाडांखाली आडवी करता येते, पण ती आडवी असताना सीटबेल्ट लावायचा नसतो आणि उताराकडे निघताना ती पुन्हा उभी करून बेल्ट लावावाच लागतो. घाईच्या दिवशी नेमके हेच राहून जाते, म्हणून शक्य असेल तिथे कमान उभीच राहील अशा उंचीचा ट्रॅक्टर मी सुचवतो. ओढ्याकडचा उतार १५ अंशांचा निघाला, म्हणजे दर मीटरमागे सुमारे २७ सेंटिमीटरची उतरण. अशा ठिकाणी आडवे चालवायचे नाही, सरळ वर किंवा सरळ खाली जायचे आणि उतरताना चारही चाकांची जोडणी चालू ठेवायची. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि उतारावर वजन पुढे सरकल्यामुळे तीच चाके हलकी पडतात. पुढच्या चाकांशी जोडणी असेल तर ब्रेकचा धाक त्यांच्यापर्यंतही पोहोचतो.

गवताचा हिशेब मी काकांसमोर कागदावर मांडला. ताशी किलोमीटरमधला वेग आणि मीटरमधली कापणीची रुंदी यांच्या गुणाकाराला दहाने भागले की ताशी हेक्टर मिळतात. वळणे आणि एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्या यांच्यासाठी त्यातून सुमारे वीस टक्के वजा करायचे. १.२ मीटरचा रोटरी कटर ताशी पाच किलोमीटर वेगाने ओढला तर तासाला सव्वा एकराच्या आतबाहेर काम होते आणि तीन एकर अडीच तासांत उरकतात. १.८ मीटरच्या कटरने तेच काम पावणेदोन तासांच्या आत होते, मात्र तो कटर झाडांच्या ओळींत शिरत नाही. मोठ्या ट्रॅक्टरचा गवतातला सगळा फायदा एका कापणीमागे ५० मिनिटांचा होता. कटरच्या रुंदीच्या दर फुटामागे पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर, साधारण पाच अश्वशक्ती लागते असा आमचा ठोकताळा आहे. १.२ मीटरच्या म्हणजे चार फुटी कटरला वीस, आणि २५ अश्वशक्तीचे इंजिन गिअरबॉक्समधली घट वजा जाता पीटीओवर जवळपास तेवढे देते.

यावर काकांनी मध्यम मार्ग सुचवला. ‘‘मग ३५ चा घेऊ या. उचलायलाही जास्त ताकद मिळेल.’’ हा समज इतका सार्वत्रिक आहे आणि माहितीपत्रके तो इतक्या निष्ठेने जपतात, की मला दरवेळी तो मुळापासून सोडवावा लागतो. लहान ट्रॅक्टर कुटुंबाकुटुंबांनी बनतात. एकाच चेसिसवर, म्हणजे सांगाड्यावर, २५, ३० आणि ३५ अश्वशक्तीची इंजिने बसवतात. धुरा तोच, हायड्रॉलिक पंप तोच, मागे अवजार उचलून धरणारे लिंकेजही तेच, आणि वजनात फरक असलाच तर किरकोळ. अशा कुटुंबातला ३५ चा ट्रॅक्टर २५ च्या तुलनेत पीटीओवर जास्त देतो, चढावर कमी दमतो, पण उचलतो तेवढेच आणि उलटतोही तितक्याच सहज. ट्रॅक्टरचे खरे माप चेसिस आहे आणि विक्रीच्या कागदावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा इंजिनाचा असतो.

काकांना उचलायचे काय होते, हे तेव्हाच बाहेर आले. उन्हाळ्यात वरच्या अंगाच्या झाडांना ते दिवसाआड प्रत्येकी ३० लिटर पाणी घालत होते. साठ झाडांचे १८०० लिटर. शेजारच्याकडे हजार लिटरची चौकोनी टाकी लिंकेजवर उचलून नेतात, तशीच त्यांना न्यायची होती आणि म्हणून ४५ चा आग्रह होता. तो आग्रह निराधार नव्हता. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, टाकी आणि लोखंडी चौकट धरून त्याहून अधिक. लिंकेजच्या टोकाशी मोजलेली उचलक्षमता ठळक छापतात, पण टाकीसारख्या फुगीर वजनाचा मध्य टोकापासून बराच मागे असतो, म्हणून ६१० मिलिमीटर मागे मोजलेला आकडा बघावा लागतो. लहान चेसिसचा तो आकडा ६०० किलोंच्या आसपास होता. कोटेशनमधला मोठा ट्रॅक्टर ती टाकी नक्कीच उचलू शकला असता.

उचलणे आणि १५ अंशांच्या चढावर नेणे यांत मात्र फार अंतर आहे. मागे एक टन लोंबत असताना चढ लागला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही. टाकी अर्धी रिकामी असेल तर आतले पाणी एका बाजूला धावते आणि सगळे वजन त्याच्यामागे जाते.

हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून मी सपाट जागी प्रात्यक्षिकाचा लहान ट्रॅक्टर घेतला, मागचे वजन मुद्दाम काढले आणि बकेट ओल्या मातीने भरली. बकेट जमिनीपासून गुडघाभर उंच असताना सगळे स्थिर होते. मी ती छातीइतकी उचलली, ताशी दोन किलोमीटरपेक्षा कमी वेगाने पुढे सरकलो आणि पुढचे डावे चाक जमिनीतल्या एका उथळ खळग्यात गेले. मागचे उजवे चाक अलगद वर उठले. टायर आणि गवत यांच्यामधून पलीकडचा प्रकाश दिसत होता. मी बकेट लगेच खाली घेतली. मुलगी काहीही न बोलता जवळ आली आणि पुढच्या धुऱ्याखाली वाकून बघू लागली. तिला नेमकी जागा सापडली होती. पुढचा धुरा मधोमध एका खिळीवर झुलतो, त्यामुळे चार चाके दिसत असली तरी ट्रॅक्टर उभा असतो त्रिकोणावर: मागची दोन चाके आणि पुढची ती खिळी. लोडरमध्ये भार घेतला की वजन त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकते. मागच्या लिंकेजला वजनाची पेटी लावली की ते रुंद बाजूकडे परत येते. पेटी लावून मी तेच पुन्हा करून दाखवले, त्याच खळग्यातून गेलो आणि चाक जागचे हलले नाही. ही पेटी कोटेशनमध्ये नव्हती. लोडर विकायचा आणि पेटी ‘ऐच्छिक’ म्हणून शेवटच्या पानावर टाकायची, हा प्रकार बंद व्हायला हवा असे मी कार्यालयात वारंवार सांगत आलो आहे.

मग मी काकांना विचारले, की पाणी ओढ्यातूनच येते, तर ते ट्रॅक्टरवर चढवायचे कशासाठी? ओढ्यापासून वरच्या झाडांपर्यंतची उंची ३० मीटर होती. १८०० लिटर पाणी तेवढे वर चढवायला नुसत्या गणिताने ०.१५ युनिट ऊर्जा लागते, पंपातली आणि पाइपातली घट धरूनही अर्ध्या युनिटच्या आत काम होते. वर पाच हजार लिटरची टाकी बांधली तर साडेपाच दिवसांचे पाणी साठते आणि पुढे ते उताराने आपोआप झाडांना जाते. सात एकरांतले एकच काम ट्रॅक्टरला दुप्पट मोठा करत होते आणि ते काम पाइप करू शकत होता. मी ट्रॅक्टर विकणाऱ्यांचा माणूस असून पाइप सुचवतो आहे, याचे त्यांना आश्चर्य वाटले. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. चुकीच्या मापाचा ट्रॅक्टर सर्वांत आधी माझ्याच माणसांना दुरुस्तीसाठी बोलावतो.

‘‘आणि ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडला तर?’’ मुलीने विचारले. मी सांगितले, की ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा पंप मिळतो आणि तो त्याच पाइपला जोडता येतो. पाइपच फुटला तर? तर लिंकेजवर ४०० लिटरची छोटी टाकी, पाच खेपा. टाकी चढाच्या बाजूला राहावी म्हणून रिव्हर्समध्ये वर जायचे आणि उतरताना सरळ खाली यायचे. तिने हे लिहून घेतले. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘तुम्ही एका मोठ्या यंत्राच्या जागी मला चार छोट्या वस्तू दिल्यात. त्या चारही मला सांभाळाव्या लागतील, आणि पुढे हिला एकटीला.’’

या वाक्याला माझ्याकडे तेव्हा पुरते उत्तर नव्हते आणि आजही मी त्याच्याशी झगडतो आहे. मोठा ट्रॅक्टर एका कामासाठी सोयीचा ठरला असता, पण वर्षभर त्याच झाडांतून आणि त्याच उतारावरून तोच न्यावा लागला असता आणि ओढ्याजवळच्या मऊ मातीवर त्याच्या जवळपास दुप्पट वजनाची चाकोरी पडली असती. दुसऱ्या बाजूला पंपाची देखभाल, पाइपचे जोड आणि टाकीची साफसफाई ही खरीच कामे आहेत, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला प्रत्येक जास्तीची फेरी मोजावी लागते. याच कारणाने मी त्यांना हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, गिअरबॉक्स घ्यायला लावला. लोडरवर दिवसभर पुढे-मागे करताना क्लच दाबत बसावे लागत नाही. पायऱ्यांची उंचीही तिथेच दाखवली. दिवसातून किती वेळा उतरावे-चढावे लागेल, हा प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये नाही आणि वयस्क ग्राहकाच्या बाबतीत तो अश्वशक्तीच्या आधी विचारायला हवा.

शेवटी त्यांनी २५ चा घेतला. चाकांमधले अंतर झाडांच्या ओळींत मावेल इतपत वाढवून घेतले, मागच्या टायरांत पाऊण भाग पाणी भरले आणि वजनाची पेटी कोटेशनच्या पहिल्या पानावर आली. ट्रॅक्टर पोहोचवला त्या दिवशी पाइपसाठी चर अजून खणायचा होता, म्हणून मुलीने ४०० लिटरची टाकी लावून एक खेप करून पाहिली. भरणे, चढणे, रिकामे करणे आणि परत येणे, सगळे धरून अकरा मिनिटे लागली. पाच खेपा तासाच्या आत बसतात. काकांनी तो आकडा जुन्या कोटेशनच्या मागे लिहिला आणि झाडे मोठी होऊन प्रत्येकी ६० लिटर मागू लागली तर काय, असे विचारले. मी म्हणालो, तसे झाले आणि पाइप नेमका तेव्हाच बंद असला, तर नऊ-दहा खेपा, म्हणजे दिवसाआड दोन तासांच्या आसपास. तेवढे त्यांना मान्य आहे की नाही, हे त्यांनी सांगितले नाही. मुलगी मात्र तोवर चर कुठून न्यायचा याच्या खुणा करायला उतरून गेली होती.