अकरा वर्षांची कादंबरी : चौथ्या खर्ड्याची नोंद

अकरा वर्षांपूर्वी सुरू केलेल्या कादंबरीचा चौथा खर्डा या महिन्यात बाविसाव्या प्रकरणापर्यंत आला असून शब्दसंख्या ७१,००० झाली आहे. मागच्या नोंदीच्या वेळी ती ७८,००० होती. महिनाभर बसून सात हजार शब्द घटले, तरीही गेल्या तीन वर्षांतील हाच महिना मला सर्वांत भरीव वाटतो.

याचे श्रेय सारांशाला आहे. प्रकाशकाकडे कादंबरी पाठवताना बहुधा परिचयपत्र, सुरुवातीची काही प्रकरणे आणि शेवटासकट कथानक सांगणारा एक-दोन पानांचा सारांश द्यावा लागतो. हस्तलिखित पुरे झाल्यावर करायचे काम म्हणून मी तो बाजूला ठेवला होता. या वेळी तो आधीच लिहायला घेतला, तेव्हा तेराव्या प्रकरणापर्यंत प्रत्येक घटना पुढच्या घटनेशी ‘म्हणून’ या शब्दाने जोडता आली. चौदाव्यापासून अठराव्यापर्यंत मात्र ‘त्यानंतर’ याखेरीज दुसरा सांधा सापडेना. थोरली बहीण घर विकण्यास नकार देते, त्यानंतर धाकटी निघून जाते, त्यानंतर वडिलांची पत्रे सापडतात. इतकी वर्षे मी अडत होतो ती जागा हीच. आता धाकटी पत्रे वाचते म्हणून घर सोडते आणि ती पत्रे सोबत नेते म्हणून थोरलीचा नकार अधिक कडवा होतो. हा क्रम बसताच दोन प्रकरणांची गरज उरली नाही. त्यांतले एक माझे फार आवडते होते आणि ते वेगळ्या फाइलमध्ये हलवायला मला चार दिवस लागले.

दोन वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने नमुना प्रकरणे वाचून संपूर्ण हस्तलिखित मागितले, तेव्हा माझ्याकडे ते नव्हते. नवोदिताची कादंबरी पूर्ण हाती आल्याशिवाय सहसा निर्णय होत नाही, हे ठाऊक असूनही मी घाई केली होती. त्यामुळे शेवटचे प्रकरण होईपर्यंत आता कोठेही काही पाठवणार नाही. स्वखर्चाने छापण्याचा सल्ला स्नेही आपुलकीने देतात आणि तो मार्ग मी हलका मानत नाही. परंतु या कादंबरीवर विश्वास ठेवून स्वतःचे भांडवल घालणारा प्रकाशक आणि ओळीओळीवर प्रश्न विचारणारा संपादक मला हवा आहे.

तेविसाव्या प्रकरणात बहिणी समोरासमोर येतात. त्याचे पहिले वाक्य झाले आहे : ‘तिने पत्रे टेबलावर ठेवली, पण वरचा हात काढला नाही.’