बाराशे वाचने, चार ओळी

माझी पहिली कादंबरी मी ऑनलाइन, क्रमशः प्रसिद्ध केली. एकूण बावीस भाग होते आणि दर गुरुवारी रात्री नऊ वाजता एक भाग येईल, असे मी पहिल्याच दिवशी वाचकांना सांगून टाकले होते. खाते उघडणे, मजकूर चढवणे, मुखपृष्ठाचे चित्र निवडणे ही कामे एका संध्याकाळी उरकली. पहिले पाच भागही सुरळीत गेले. ओळखीच्यांनी वाचले, कौतुक केले, खाली 'पुभाप्र', म्हणजे 'पुढील भागाच्या प्रतीक्षेत', असे लिहिले. सांगायचे आहे ते सहाव्या भागापासून अकराव्या भागापर्यंतच्या दीड महिन्याविषयी. त्या सहा आठवड्यांत मला एकाही वाचकाने एक शब्दही लिहिला नाही, आणि त्याचा सल अजून गेलेला नाही.

शब्द नव्हते, पण आकडा होता. प्रत्येक भागाखाली 'वाचने' या नावाने एक संख्या दिसे. गुरुवारी रात्री साडेनऊला ती चौदा असे, झोपताना चाळीसच्या घरात जाई आणि शुक्रवारी सकाळी शंभरी ओलांडलेली असे. मी दर तासाला फोन हातात घेऊन ती पाहत असे. एकदा शुद्धलेखन तपासण्यासाठी मीच माझा भाग तीनदा उघडला, तर आकडा तिनाने वाढला. तेव्हा लक्षात आले की तेथे मोजले जात होते ते पान उघडणे, वाचणे नव्हे. त्या सहा भागांची मिळून बाराशे वाचने झाली होती. त्यांतले किती जण शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि किती दुसऱ्याच परिच्छेदावरून मागे फिरले, हे कळायला काहीही मार्ग नव्हता. भरल्या घरासमोर उभे राहून हाक मारावी, आतून पावलांचे आवाज यावेत आणि ओ मात्र कोणीच देऊ नये, तशी ती अवस्था होती.

क्रमशः कादंबरी मराठीला नवी नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून त्यांच्या कादंबऱ्या अशाच भागाभागाने वाचकांपुढे गेल्या. पण छापील अंकाच्या लेखकाला टपालाची वाट पाहण्याची सवय असते. पत्र आले नाही तर ते वाटेत असेल, असे तो स्वतःला सांगू शकतो. ऑनलाइन लिहिणाऱ्याला ती सोय नाही. वाचक त्याच रात्री, त्याच पडद्यावर दोन ओळी लिहू शकतो हे ठाऊक असल्यामुळे त्याचे न लिहिणे हाच निकाल वाटू लागतो.

मला तो तसाच वाटला, आणि त्या समजुतीपायी मी माझ्या कथेचे जे नुकसान केले त्याचा राग मला आजही येतो. कथा संथ आहे असे मला कोणीही म्हटले नव्हते, तरी मी सातवा भाग निम्म्यावर आणला. आठव्या भागाच्या शेवटी, केवळ वाचक खिळून राहावा म्हणून, कथेला नको असलेला अपघात घातला. नवव्यात नायिकेच्या साध्यासुध्या भावाला कपटी केले. वाचक बोलत नाही तेव्हा लेखक स्वतःच त्याच्या वतीने बोलू लागतो, आणि ते बोलणे बहुधा लेखकाच्या भीतीचे असते. त्या दिवसांत मला अँडी विअर या अमेरिकी लेखकाची हकीकत सारखी आठवे. मंगळावर एकट्या अडकलेल्या अंतराळवीराची कादंबरी त्यांनी २००९ पासून स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने मोफत दिली. वाचक त्यातल्या शास्त्रीय चुका कळवत गेले आणि ते दुरुस्त करत गेले. २०११ मध्ये तिचे ई-पुस्तक झाले आणि २०१४ मध्ये ती प्रकाशन संस्थेकडून छापून आली. मला त्यांच्या यशाचा हेवा वाटत नव्हता. चूक दाखवणारा वाचक मिळाला, याचा वाटत होता.

शेवटी मी मित्रमैत्रिणींना फोन केले. "कशी वाटली?" असे विचारले की "छान आहे" एवढेच उत्तर येई, आणि त्यात दोष त्यांचा नव्हता, माझ्या प्रश्नाचा होता. "वाचताना कुठे थांबलात?", "कोणते पात्र डोळ्यांसमोर उभे राहिले नाही?" असे नेमके विचारले तर माणसे नेमके सांगतात, हे मला फार उशिरा कळले. आता प्रत्येक भागाखाली मी असा एकच प्रश्न ठेवतो.

अकरावा भाग गेल्यानंतरच्या रविवारी रात्री एका अनोळखी वाचकाच्या चार ओळी आल्या. पाचव्या भागात एक बाई वडिलांचे मनगटी घड्याळ दुरुस्तीला देऊन जातात, एवढाच एक प्रसंग आहे. पट्ट्याचे तिसरे भोक ताणून लांबट झाले आहे आणि पहिल्या भोकाजवळ बकलाचा नवा वळ उमटला आहे, म्हणजे शेवटी शेवटी वडिलांचे मनगट किती बारीक झाले असेल, असे एक वाक्य मी तेथे लिहिले होते आणि पुढे त्या बाईंना विसरून गेलो होतो. त्या वाचकाला ते तिसरे भोक आठवत होते. त्या बाई घड्याळ न्यायला परत आल्या का, असे त्यांनी विचारले होते. आठव्या भागातला अपघात पटला नाही, असेही स्पष्ट लिहिले होते.

मी त्या ओळी वाचून उठलो आणि पहाटेपर्यंत लिहीत बसलो. त्या बाई तेराव्या भागात परत आल्या, आणि कादंबरीचा शेवट त्यांच्याच हाती गेला. अपघात मी काढून टाकला, भावाला पुन्हा साधा केला. पुढचे चार भाग आधीच लिहून ठेवले होते, त्यांतले दोन रद्द करावे लागले. आगाऊ भाग तयार असावेतच, नाहीतर गुरुवार चुकतो. पण ते बदलणारच नाहीत असे मानून चालू नये.

आणखी एक सांगायचे राहिले. नंतर एका वाचकाने भाषा जड झाल्याचे कळवले, तेव्हा मी दहा मिनिटांत लांबलचक खुलासा लिहिला. त्यांनी पुन्हा कधीच काही लिहिले नाही. एक दिवस थांबलो असतो, तर फक्त आभार मानून जड वाक्ये शोधायला बसलो असतो.

आणि अभिप्राय आला की तो त्याच दिवशी स्वतःच्या वहीत उतरवून ठेवावा. अकराव्या भागातली शुद्धलेखनाची एक चूक काढण्यासाठी मी तो भाग हटवून नव्याने चढवला, आणि त्याखालच्या त्या चार ओळीही पुसल्या गेल्या. वर लिहिले ते आठवणीतून लिहिले आहे. त्या वाचकाचे नाव मी नीट पाहूनही घेतले नव्हते.