चेंडू सोडून बाकी सगळं

कॉलेज फुटबॉलची मॅच लागली की मी चेंडूकडे बघत नाही. चेंडू कुठे गेला ते समालोचक सांगतोच, आणि टचडाउन झालं की नाही ते स्टेडियमच्या आवाजावरून कळतं. माझी नजर असते क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याच्या, पुढ्यात वाकून उभ्या राहिलेल्या पाच धिप्पाड पोरांवर. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, कडेला टॅकल. या पाचांच्या फळीलाच लाइन म्हणतात. सेंटरच्या हातून चेंडू सुटला की पुढचे दोन-तीन सेकंद यांचे पाय काय करतात आणि हात कुठे जातात, ते बघायचं आणि लिहून ठेवायचं. ऑगस्टच्या शेवटापासून एप्रिलच्या ड्राफ्टपर्यंत माझा हाच उद्योग असतो.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगते: हा अमेरिकेतला फुटबॉल. इथे एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक लीगचे, संघ स्वतः पोरं घडवत नाहीत, कॉलेजं घडवतात. मग दर वसंतात ३२ संघ सात फेऱ्यांमध्ये त्यांतल्या एकेकाला निवडतात, आणि आदल्या मोसमात जो सगळ्यांत वाईट खेळला त्याचा नंबर पहिला. हाच तो ड्राफ्ट. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय कुणाला ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही. म्हणजे पोरं हेरणाऱ्या स्काउटचं काम काय, तर एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा पंचविशीत कसा खेळेल, हे आज सांगायचं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही आयोवा सिटीला आलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात, त्यांनी वर्षानुवर्षं शाळेच्या संघाच्या लाइनला शिकवलंय. सगळं गाव त्यांना ‘कोच’ म्हणतं, मीही तेच म्हणते. त्यांच्या तळघरातल्या टीव्हीसमोर मी हा खेळ शिकले. त्यांची शिस्त साधी आहे: एकच प्ले, म्हणजे चेंडू सुटल्यापासून थांबेपर्यंतचा डाव, तीनदा बघायचा. पहिल्यांदा फक्त पाय. दुसऱ्यांदा फक्त हात. तिसऱ्यांदा, चेंडू दुसऱ्या बाजूला गेल्यावर हा पोरगा काय करतोय ते. थांबून उभा राहिला, की अजून कुणाला तरी अडवायला धावला?

लाइन शिकायला आयोवासारखी जागा नाही. इथल्या कॉलेजचे कर्क फेरेन्झ १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक आहेत, आणि त्याआधी १९८०च्या दशकात हेडन फ्राय यांच्या हाताखाली ते याच कॉलेजात लाइनचे प्रशिक्षक होते. शिवाय या राज्यात कुस्तीचं वेड आहे, आणि कुस्ती लाइनमनच्या अंगात मुरलेली असते. टायलर लिंडरबॉम आणि ट्रिस्टन वर्फ्स दोघेही आयोवाचे. शाळेत असताना लिंडरबॉमने वर्फ्सला एका कुस्तीत हरवलं होतं, आणि पुढे हा वर्फ्स २०२० साली १३ वा निवडला गेला. लिंडरबॉम कॉलेजात आला तो बचावफळीत. मग त्याला सेंटर केलं, आणि २०२२ मध्ये बाल्टिमोरने त्याला पहिल्या फेरीत २५ वा घेतला. सेंटर म्हणून तो वजनाला हलका होता, हातही आखूड. पण समोरचा अंगावर आला की त्याची कंबर कशी खाली जायची ते बघा. जो खाली, तो वरचढ. आपल्याकडच्या तालमीतल्या वस्तादाला त्याची फिल्म दाखवली असती तर फुटबॉलचा एकही नियम न कळता त्याने पोराची पारख केली असती.

पारख म्हणजे काय, यावर मी बराच विचार केला आहे. माझं उत्तर असं: पोराने स्वतः काय केलं आणि त्याच्यासाठी दुसऱ्यांनी काय करून ठेवलं, हे वेगळं काढता येणं. गुण, आकडे, बक्षिसं, संघाचा विजय यांत या दोन गोष्टी कालवलेल्या असतात.

याचं सगळ्यांत ठळक उदाहरण २०१९ च्या ऑक्टोबरमधलं. नॉर्थवेस्टर्नचा संघ ओहायो स्टेटकडून ५२-३ असा हरला. धावफलक बघणारा म्हणेल, यात नॉर्थवेस्टर्नकडून बघण्यासारखं काय असणार? पण त्या रात्री त्यांच्या डाव्या टॅकलला होता रशॉन स्लेटर, आणि ओहायो स्टेटकडून क्वार्टरबॅकवर कडेने चाल करून येत होता चेस यंग. त्या मोसमात देशभरातल्या टॅकलांची त्याने झोप उडवली होती, आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये तो दुसरा निवडला गेला. यंगला स्लेटरच्या अंगावरून एकही सॅक, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं, मिळाली नाही. यंग वेगाने बाहेरून वळायला गेला की स्लेटर तिथे आधीच पोचलेला, आत शिरायला गेला की त्याचा आतला पाय जागेवर. संघ चिंध्या होऊन हरतोय आणि हा पोरगा प्रत्येक प्लेला तितक्याच नेटाने उभा राहतोय. पुढचा, २०२० चा मोसम स्लेटर करोनामुळे खेळलाच नाही. तरी २०२१ मध्ये एनएफएलच्या चार्जर्स संघाने त्याला १३ वा घेतला, आणि पहिल्याच वर्षी तो प्रो बोलपर्यंत, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या मानापर्यंत, पोचला. मी ती मॅच अजूनही अधूनमधून लावते.

उलटही असतं, आणि ते ओळखायला जास्त कठीण. आजच्या कॉलेज फुटबॉलमध्ये बरेच संघ चेंडू इतक्या पटकन फेकतात की लाइनमनला खरी झुंज द्यावीच लागत नाही. त्यात नियमांचा फरक आहे. पास टाकताना कॉलेजमध्ये लाइनमन तीन यार्ड पुढे गेला तरी चालतं, एनएफएलमध्ये एकच यार्ड. त्यामुळे धाव आणि पास दोन्ही एकाच प्लेमध्ये झाकून ठेवणारे डाव कॉलेजात खपून जातात. अशा प्लेला टॅकल पुढे सरसावतो, दिसतो मोठा आक्रमक, पण मागे सरकत क्वार्टरबॅकला वाचवण्याची त्याची परीक्षा होतच नाही. मैदानावरच्या खुणांचंही तसंच. कॉलेजच्या मैदानात हॅश मार्क एकमेकांपासून ४० फुटांवर असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांवर. कॉलेजात एक बाजू प्रचंड मोकळी मिळते, तिथे पास झेलणारा रिसीव्हर सुटा दिसतो, क्वार्टरबॅक हुशार वाटतो. पुढे ती मोकळी जागाच नसते.

म्हणून एखाद्या टॅकलबद्दल ‘मोसमभरात एकच सॅक दिली’ असं वाचलं की मी आधी खरे पास वेगळे काढते. तिसरा डाऊन, म्हणजे तिसरा प्रयत्न, आठ-दहा यार्ड हवेत, सगळ्यांना माहीत आहे की पास येणार, आणि क्वार्टरबॅक मागे सरकून उभा आहे. काही कॉलेजांत एका मॅचमध्ये असे प्ले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडतात. पण ते चार-पाच प्ले बाकीच्या साठांपेक्षा जास्त सांगतात.

टाइट एंड, म्हणजे लाइनच्या कडेला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू. अशा जॉर्ज किटलच्या बाबतीत आकड्यांनी अगदी उलटी दिशाभूल केली. आयोवातल्या सगळ्या वर्षांत मिळून त्याने फक्त ४८ पास झेलले. संघ धाव घेऊन खेळणारा, त्याच्याकडे चेंडूच येत नव्हता. पण ब्लॉक करताना तो समोरच्याला मैदानाबाहेर नेऊन सोडायचा, आणि ते करताना त्याचा आनंद तोंडावर दिसायचा. २०१७ मध्ये पाचव्या फेरीत, १४६ वा गेला. दुसऱ्याच वर्षी त्याने १,३७७ यार्ड कमावले, टाइट एंडसाठी तेव्हाचा विक्रम. दिग्गज क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी १९९ वा गेला ती गोष्ट सगळेच सांगतात. मला किटलची जास्त भावते, कारण त्याचे गुण फिल्ममध्येच दिसत होते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिसला कंबाइन, म्हणजे ड्राफ्टला उतरणाऱ्या पोरांच्या चाचण्यांचा मेळा, भरतो. टीव्हीवर सगळी चर्चा ४० यार्डांच्या धावेची. २०२४ मध्ये झेवियर वर्दीने ४.२१ सेकंदांचा विक्रम केला तेव्हा लोक नाचले, आणि तो वेग बघताना मलाही मजा आली. पण लाइनमन मॅचमध्ये ४० यार्ड सलग धावतो कधी? त्याचे पहिले दहा यार्ड बघावेत. संघांना कंबाइनमधून मुख्य हवं असतं ते टीव्हीवर दिसतच नाही: डॉक्टरांची तपासणी. गुडघा, खांदा, पाठ. सर्वांगसुंदर फिल्म असलेला पोरगा एका एमआरआयवर दोन फेऱ्या खाली जातो.

घड्याळाच्या आकड्याबद्दल बोलायचं तर मला बिल नन आठवतात. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे ते क्रीडा संपादक होते आणि दरवर्षी कृष्णवर्णीय कॉलेजांमधल्या उत्तम खेळाडूंचा संघ जाहीर करायचे. दक्षिणेतली मोठी गोरी कॉलेजं दीर्घकाळ काळ्या पोरांना घेत नव्हती, त्यामुळे या छोट्या कॉलेजांत गुण ठासून भरलेला होता, आणि एनएफएलचे बहुतेक स्काउट तिकडे फिरकत नव्हते. नन पुढे एनएफएलच्या पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचे स्काउट झाले. अलाबामा ए अँड एमच्या जॉन स्टॉलवर्थची गोष्ट अशी सांगतात: अनेक संघांचे स्काउट मिळून त्याला बघायला गेले, मैदान ओलं होतं, त्याची वेळ काही खास आली नाही. बाकीचे पुढच्या गावाला निघाले. नन यांनी बरं नसल्याचं सांगितलं, मागे राहिले आणि दुसऱ्या दिवशी चांगल्या जागेवर त्याला पुन्हा धाववलं. १९७४ मध्ये स्टीलर्सने स्टॉलवर्थला चौथ्या फेरीत घेतला. त्याच ड्राफ्टमध्ये लिन स्वॉन, जॅक लॅम्बर्ट आणि माइक वेबस्टर. चौघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. नन यांना स्वतःला तो मान २०२१ मध्ये मिळाला, त्यांच्या मृत्यूनंतर. फार उशिरा मिळाला असं मला मनापासून वाटतं.

आज तशी लपलेली पोरं राहिली नाहीत असं म्हणतात, ते मला पटत नाही. विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर हे तिसऱ्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या, विभागातलं कॉलेज, तिथे खेळासाठी शिष्यवृत्तीही देत नाहीत. तिथला क्विन माइनर्झ २०२० मध्ये करोनामुळे एकही मॅच खेळला नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्याला अलाबामातल्या मोबिल गावी सीनियर बोलला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या निवडक पोरांच्या मॅचला, बोलावलं. तिथल्या सरावात लाइनमन आणि बचावपटू यांना एकास एक भिडवतात. आजूबाजूला मदत नाही, डाव नाही, पळवाट नाही. मोठ्या कॉलेजांच्या पोरांसमोर हा तिसऱ्या विभागातला गडी हलेना. डेन्व्हरने त्याला तिसऱ्या फेरीत ९८ वा घेतला, आणि २०२४ मध्ये तो ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात होता. वर्षभरात कुठली एकच गोष्ट बघायला आवडेल असं मला कुणी विचारलं, तर कंबाइन नको, ड्राफ्टची रात्रही नको; मोबिलमधला तो मंगळवार-बुधवारचा सराव द्या.

हल्ली पोरं ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलायच्या यादीत नाव घालून, दोन-तीन कॉलेजं बदलतात, आणि २०२१ पासून स्वतःचं नाव आणि प्रतिमा जाहिरातींसाठी वापरू देण्याचे पैसे मिळत असल्याने जास्त वर्षं कॉलेजात राहतात. याचा पारखीवर थेट परिणाम होतो. चोवीस वर्षांचा टॅकल एकोणीस वर्षांच्या पोराला आपटतोय, हे फिल्ममध्ये सुंदरच दिसणार. जन्मतारीख आधी बघावी लागते.

आता हातांच्या लांबीचं. खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात. टॅकलचे हात ३४ इंच हवेत असा संकेत आहे, कारण ज्याचा पंजा आधी समोरच्याच्या छातीवर बसतो तो पुढचा डाव ठरवतो. ३३च्या खाली गेला की त्याला गार्ड करा, असं कोचही म्हणतात, आणि झॅक मार्टिनचा दाखला देतात. नोत्र दाम कॉलेजला टॅकल होता, डॅलसने २०१४ मध्ये घेऊन गार्ड केला, नऊ वेळा प्रो बोलमध्ये गेला. दाखला बिनतोडच आहे. पण स्लेटरचे हात ३३ इंचच होते. आणि क्लीव्हलँडचा जो थॉमस, ज्याने डाव्या टॅकलला सलग १०,३६३ स्नॅप (प्ले) न चुकता खेळून दाखवले, त्याचे हात साडेबत्तीस. दर फेब्रुवारीत मोजमापं आली की आमचा दोघांचा वाद नव्याने सुरू होतो, आणि कोच एक इंचही मागे सरत नाहीत.

माझं म्हणणं तरी हेच आहे: पाय चांगले असतील तर त्याला आधी टॅकललाच उभं करा. तिथे नाही जमलं तर आत सरकवायला एका उन्हाळ्याची मेहनत पुरते. पण पहिल्या दिवसापासून गार्ड केलात, तर तो टॅकल होता का, हे कुणालाच कधी कळणार नाही.