सासूबाईंच्या डब्यातील सुया

सासूबाईंच्या पश्चात त्यांचा विणकामाचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आला. विणकामाच्या आणि क्रोशाच्या सुया, पितळी अंगुस्तान, भरतकामाची लाकडी रिंग, गोधडीचे दाभण असा त्यातील ऐवज आहे. या वस्तू फ्रेम करून दिवाणखान्यात लावाव्यात, असे घरात सुचवले गेले. परंतु ज्या हत्यारांनी घरातल्या बाळांची टोपडी आणि रुखवतातले रुमाल विणले, त्यांना काचेआड कोंडणे मला मान्य नाही.

ठाण्याच्या खाडीवरची दमट हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांमुळे पोलादी सुईवर गंज लवकर चढतो. अगदी बारीक पॉलिश पेपर सुईच्या लांबीच्या दिशेने हलकेच फिरवावा, शिलाई मशीनच्या तेलाचा हात देऊन ती सुती कापडाने कोरडी पुसावी आणि क्रोशाची सुई असल्यास आकडीच्या खाचेतून पांढरा दोरा ओढून पाहावा. दोऱ्यावर तांबूस रेघ उमटली, तर काम अजून बाकी आहे असे समजावे.

नव्या नमुन्यांसाठी या सुया वापरताना क्रमांक नीट पाहावे लागतात. आपल्याकडील जुन्या सुयांवर ब्रिटिश क्रमांक असतात आणि त्यांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते: ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटरची, तर १४ क्रमांकाची २ मिलिमीटरची. अमेरिकी पद्धत नेमकी उलटी असून तिथली ८ क्रमांकाची सुई ५ मिलिमीटरची असते. त्यामुळे इंटरनेटवरील नमुना पाहून विणताना केवळ आकड्यावर विसंबल्यास स्वेटरचे माप हमखास चुकते. मिलिमीटर पाहूनच सुई निवडावी.

विणकामाखेरीजही या हत्यारांना आज भरपूर काम आहे. कुर्त्याचा किंवा स्वेटरचा धागा खिळ्याला अडकून बाहेर आला, तर तो कापू नये; क्रोशाची सर्वांत बारीक सुई उलट बाजूने घालून तो आत ओढून घ्यावा, वीण पूर्ववत दिसते. जीन्सच्या गुडघ्यावर ठिगळ लावताना कापड रिंगेत ताणून धरले, की टाके सुरकुतत नाहीत, आणि त्या जाड कापडातून सुई पार करायला अंगुस्तान हवेच. बाजाराच्या कॅनव्हास पिशवीचे उसवलेले बंद मी दाभणानेच शिवले.

डब्यातली टॅटिंगची, म्हणजे दोऱ्याच्या गाठींनी लेस करण्याची, छोटी शटल मात्र अजून रिकामी आहे. तिच्यासाठी घट्ट पिळाचा सुती दोरा जांभळी नाक्यावर मिळाला. ती गाठ हातात हात धरून शिकवणारे कोणी नौपाड्याच्या आसपास असल्यास मला जरूर कळवावे.