चार स्टिक, 64 जीबी आणि वरुडचा मे महिना

संगणकाची रॅम अधिकृत वेगापेक्षा जास्त वेगाने, म्हणजे ओव्हरक्लॉक करून चालवण्याचा हा माझा अनुभव. आधी आजची स्थिती. 16 जीबीच्या चार डीडीआर4 स्टिक 3466 वर चालू आहेत. सीएल 16, टीआरसीडी 19 (डेटा मिळेपर्यंत थांबायचे ठोके, कमी तितके चांगले), व्होल्टेज 1.38. फॅब्रिक, म्हणजे प्रोसेसरचे भाग आणि मेमरी जोडणारा आतला रस्ता, 1733 वर. मेमरीचा खरा क्लॉकही 3466 च्या निम्मा असतो, म्हणजे दोन्ही एकास एक. प्रोसेसर रायझन 7 5800एक्स, पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचा वेग वाढवणाऱ्या आणि व्होल्टेज जुळवणाऱ्या सेटिंग) चालू ठेवूनच. खोलीत 39 अंश असताना, भर दुपारी, टेस्टमेम5 हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर एकही एरर न देता पूर्ण झालं. या शेवटच्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे, कारण आपल्याकडे रॅम स्थिर आहे की नाही हे दुपारी तीन वाजताच कळतं.

64 जीबी कशाला, असं बरेच जण विचारतात. आमच्या भागातल्या संत्र्याच्या बागांचे ड्रोनने काढलेले फोटो जोडून मी एकसंध नकाशा तयार करतो, ओपनड्रोनमॅप या सॉफ्टवेअरवर. आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली की कोणत्या ओळीतली झाडं मलूल पडली ते त्यावर दिसतं. फोटो वाढले की पॉइंट क्लाउडच्या, म्हणजे फोटोंमधून त्रिमितीय ठिपके काढायच्या टप्प्यावर 32 जीबी भरून जायची आणि काम अर्ध्यातच बंद पडायचं. त्यामुळे आधीच्या जोडीसारखीच दुसरी जोडी नागपूरला बर्डीवरून आणली. घेण्याआधी दुकानातच थायफून बर्नर हे स्टिकची माहिती वाचणारं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. पार्ट नंबर तोच असला तरी आतली चिप वेगळी निघू शकते. या जोडीतही मायक्रॉनच्या चिपची रेव्ह ई ही आवृत्ती निघाली, मगच पैसे दिले.

आता खरी अडचण. या स्टिक दोन्ही बाजूंनी चिप असलेल्या, म्हणजे ड्युअल रँक आहेत (रँक म्हणजे एकत्र काम करणाऱ्या चिपचा एक गट). चार लावल्या की प्रत्येक चॅनलवर चार रँक होतात. रायझन 5000 साठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन स्टिकला 3200 आहे, पण चार ड्युअल रँकला फक्त 2667. त्यात माझा बी550 बोर्ड डेझी चेनचा. त्यात सिग्नल आधी जवळच्या स्लॉटला भेटतो, मग टोकाच्या. दोनच स्टिक टोकाच्या स्लॉटमध्ये असल्या तर रस्ता साफ असतो. चारही भरल्या की वाटेतल्या स्टिकवरून सिग्नल परावर्तित होऊन गोंधळ घालतो. इथे नुसतं व्होल्टेज वाढवून भागत नाही. रेझिस्टन्सचे आकडेच जुळवावे लागतात. प्रॉकओडीटी (प्रोसेसरच्या बाजूचा रेझिस्टन्स) 43.6 ओहमवर बूट व्हायचं पण टेस्टमध्ये एरर यायचे, 53.3 वर ते थांबले. आरटीटीचे (स्टिकच्या बाजूच्या रेझिस्टन्सचे) तीन आकडे आरझेडक्यू/7, /3 आणि /1 ठेवले आहेत, म्हणजे 34, 80 आणि 240 ओहम. मेमरीला आदेश जरा सैल वेळेत देणारा गिअर डाउन मोड चालू. 3600 वर विंडोज उघडतं, पण लाइन जाऊन आली की पुढच्या बूटला ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाने स्वतः मेमरीची जुळणी करणं, वेगळं होतं आणि मग एरर. आमच्याकडे लाइन कधीही जाते, म्हणून थंड मशीनवरून पुन्हा पुन्हा बूट करून जो वेग टिकतो तोच मी खरा मानतो. 3466 टिकला.

उन्हाळ्यातलं निरीक्षण जरा सविस्तर लिहितो. टीआरएफसी, म्हणजे मेमरीच्या एका रिफ्रेशला दिलेला वेळ, 485 ठोक्यांवर, म्हणजे सुमारे 280 नॅनोसेकंदांवर, हेच मशीन जानेवारीत रात्रभर टेस्ट पास करत होतं. मेमध्ये त्याच सेटिंगवर दुपारी एरर यायला लागले. डीरॅमचा प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर. तापला की त्याची गळती वाढते, आणि रिफ्रेशला दिलेला वेळ आधीच कमी केलेला असेल तर तो पुरा पडत नाही. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर मधल्या दोन स्टिक कडेच्या स्टिकपेक्षा स्पष्टपणे जास्त गरम, सगळ्यात तापलेली 58 अंशांवर. चारही एकमेकींना चिकटून बसतात, मधल्यांना हवाच मिळत नाही. टीआरएफसी 520 केला, म्हणजे 300 नॅनोसेकंद, आणि स्टिकच्या डोक्यावर 120 मिलिमीटरचा पंखा झिप टायने बांधला. तीच स्टिक 49 वर आली. वेगात पडलेला फरक माझ्या कामात जाणवतसुद्धा नाही.

टेस्टबद्दल एक आग्रहाचं सांगणं: ग्राफिक्स कार्डावर लोड टाकूनच रॅम तपासा. कार्डाची गरम हवा वर सरकून थेट स्टिकवर येते; नुसत्या मेमरी टेस्टमध्ये ती परिस्थिती येतच नाही. आणि प्रोसेसरचं ओव्हरक्लॉक आधी वेगळं तपासून घ्या, नाहीतर चूक कोणाची ते कळत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ (WHEA, हार्डवेअरच्या चुकीची नोंद) 18 दिसला तर मी आधी कोअरचा कर्व्ह सैल करतो, 19 दिसला तर फॅब्रिककडे वळतो. उन्हाळ्यापुरती पीपीटी, म्हणजे प्रोसेसरची वीज वापरायची मर्यादा, 142 वरून 120 वॉटवर आणली आहे. त्याने केसमधली हवाही थोडी निवते.

कूलर मशीनच्या समोर ठेवू नका, ही माझी ठाम भूमिका आहे. खोली गार होते हे खरं, पण ओलसर हवेबरोबर येणारी धूळ स्लॉटच्या फटीत घट्ट बसते. कापसाच्या दिवसांत तर तंतूही येतात. मी कूलर खिडकीत लावून झोत उलट्या भिंतीकडे वळवला आहे आणि केसच्या जाळीवर नायलॉनचं कापड ताणलं आहे. ते दर आठवड्याला धुतो.

पुढचं काम: टीआरएफसी 505 वर नवतपा (मे अखेरचे खूप तापणारे नऊ दिवस) संपायच्या आत एकदा पाहायचा, म्हणजे वर्षभराची काळजी मिटेल. एसओसी, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचा व्होल्टेज, 1.10 व्होल्टवर आहे, तो थोडा खाली येतो का तेही बघतो. ज्यांच्याकडे रेव्ह ईच्या चार ड्युअल रँक स्टिक आहेत, विशेषतः अकोला, चंद्रपूरकडच्या मित्रांनी, मधल्या स्टिकचं दुपारचं तापमान आणि तुमचा टीआरएफसी नक्की कळवा. प्रॉकओडीटीही लिहा, बोर्डाच्या नावासकट.